वधू, वर आणि वातावरण

मराठीत समीक्षा कशाची होत नाही? कवितेची होते, कादंबरीची होते, नाटकाची तर मध्यंतरातच बटाटेवड्याबरोबर उरकते. मिसळीचा कट पूर्वीसारखा राहिला नाही, या विषयावर दोन सभ्य गृहस्थ भर रस्त्यात उभे राहून तासभर सौंदर्यशास्त्र बोलू शकतात. पण ज्याच्या निर्मितीला घरातल्या एकूण एक पुस्तकांपेक्षा जास्त पैसे पडले, जे उचलायला दोन हात लागतात, आणि जे आलेल्या पाहुण्याच्या मांडीवर चहाच्याही आधी ठेवलं जातं, त्या लग्नाच्या अल्बमची समीक्षा मात्र ‘छान आलेत हो फोटो’ या चार शब्दांपलीकडे गेलेली नाही.

ती पलीकडे नेण्याचा अधिकार मला कोणी दिला, असं कोणी विचारील. मी बी.कॉम. आहे. सौंदर्यशास्त्राचा पेपर आम्हाला नव्हता, कॉस्टिंगचा होता. पण गेली बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून मी एकच काम करतो आहे : फोटोतला माणूस आणि समोरचा माणूस एकच आहे का, हे ताडून पाहणं. एवढी साधना या विषयाला पुरेशी आहे, असं माझं नम्र मत आहे.

निमित्त भाचीच्या लग्नाचं. ताईच्या मुलीचं लग्न ठरलं आणि मुलीने जाहीर केलं, की कार्यालय नको. लग्न मोकळ्यावर, समुद्राकाठी, दापोलीच्या बाजूला. का, म्हटलं तर म्हणाली, “मामा, हॉलमधले फोटो फ्लॅट येतात.” आमच्या पिढीला फ्लॅट येतो म्हटल्यावर आनंद व्हायचा. असो. पूर्वी लग्नात मामाचं काम ठरलेलं असे : मुलीला बोहल्यावर आणायचं आणि तिच्या मागे उभं राहायचं. त्यात अक्कल लागत नसे, म्हणूनच ते मामाकडे दिलेलं होतं. आता भावजी म्हणाले, “मामा बँकेत आहे, फोटोग्राफरची कोटेशनं तोच बघेल.”

मी पद्धतशीर माणूस. तीन कोटेशनं मागवली. तिघांनी आपापले नमुने दाखवले. ते पाहताना जे सुचलं, ते इथे मांडतो आहे.

आधी एक ऐतिहासिक मुद्दा. देखाव्याची हौस नवीन नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी फोटो स्टुडिओत एक रंगवलेला पडदा असे. त्यावर तळं, तळ्यात हंस, मागे डोंगर आणि कुठेही न जाणारा एक जिना. त्या जिन्यापाशी, कोल्हापूरचे असोत की कारंज्याचे, नवदांपत्य उभं राहून आयुष्याला सुरुवात करी. म्हणजे तेव्हा देखावा माणसांकडे येत असे. आता माणसांना देखाव्याकडे न्यावं लागतं, एवढाच काय तो फरक. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आहे. २००४ साली ‘स्वदेस’ सिनेमात तो झळकला आणि आता तिथे कृष्णामाई वाहते आहे की लग्नाआधीच्या जोडप्यांची रांग, असा संभ्रम पडतो. कासच्या पठारावर फुलं येतात श्रावण-भाद्रपदाच्या सुमाराला, आणि मुहूर्त निघतात तुळशीच्या लग्नानंतर. निसर्ग आणि पंचांग यांच्यातला हा जुना बेबनाव मिटवण्यासाठीच ‘प्री-वेडिंग’ नावाचा सतरावा संस्कार निघाला असावा.

आता नमुन्यांकडे येऊ.

पहिला फोटोग्राफर तरुण, दाढीवाला आणि अत्यंत हळू आवाजात बोलणारा होता. त्याने लॅपटॉप उघडला. पहिला फोटो : बारा आणे आकाश, तीन आणे समुद्र आणि उरलेल्या एका आण्यात दोन ठिपके.

“यात नवरी कुठली?”

“उजवीकडची, सर.”

दुसऱ्या फोटोत ठिपके जरा मोठे झाले होते, पण पाठमोरे. तिसऱ्यात पाठमोरे. चौथ्यात नवऱ्याची अर्धी बाजू दिसली. ती बहुधा चुकून. चाळीस फोटो झाले तरी त्या दांपत्याने मागे वळून पाहिलं नाही. आमच्या बँकेत यांचं साधं बचत खातं उघडलं नसतं.

जुन्या कादंबऱ्यांत नायिका येण्याआधी दीड पान निसर्गवर्णन असे. चतुर वाचक ते गाळून पुढे जाई. इथे ती सोय नव्हती; इथे नायिकाच गाळली होती. मी भीत भीत विचारलं, “चेहरे का नाहीत?” तो म्हणाला, “त्यात फीलिंग आहे, सर.”

समीक्षकाने फीलिंगपाशी थांबू नये. मी घरी येऊन विचार केला, तेव्हा उलगडा झाला. कोकणात समुद्र पश्चिमेला आहे. संध्याकाळी वधू-वरांना समुद्राकडे पाठ करून उभं केलं, की सूर्य त्यांच्या मागे येतो आणि तोंडं अंधारात जातात. कॅमेरा बिचारा एका वेळी एकाचीच बाजू घेऊ शकतो. आकाश नीट यावं असं ठरवलं, तर चेहरे कोळशासारखे. चेहरे नीट यावेत म्हटलं, तर आकाश धुतलेल्या धोतरासारखं पांढरं. थोडक्यात, एक तर सूर्य मिळेल, नाहीतर जावई. दोन्ही हवे असतील तर समोरून वेगळा उजेड टाकावा लागतो. त्याला दिवा लागतो, दिवा धरायला माणूस लागतो, आणि कुठे किती टाकायचा ही अक्कल लागते. त्यापेक्षा दोघांना सूर्याकडे तोंड करून उभं केलं आणि पाठीचा फोटो काढला, की तिन्ही खर्च वाचतात. ज्याला मी शैली समजत होतो, ती बचत होती. बचतीबद्दल माझा आक्षेप नाही; आमचा धंदाच तो आहे. फक्त ती ज्याची त्याच्या खात्यात दाखवावी.

याच गृहस्थांच्या पॅकेजात ‘नको असलेल्या वस्तू फोटोतून काढून टाकणे’ अशी एक सोय होती. नमुना म्हणून त्यांनी किनाऱ्यावरचा एक फोटो आधी आणि नंतर असा दाखवला. आधीच्या फोटोत लांबवर दोन गाई होत्या, नंतरच्यात नव्हत्या. मी विचारलं, “लग्न कोणत्या मुहूर्ताचं होतं?” तो म्हणाला, “गोल्डन अवरचं, सर. संध्याकाळचं.” आपल्या पूर्वजांनी त्या वेळेचं नाव गोरज ठेवलं होतं, गाई घरी परतताना त्यांच्या खुरांनी धूळ उडते, ती वेळ. उजेड तिरपा, मऊ, पिवळसर. धुळीने आणखी मऊ झालेला. कॅमेरा निघण्याच्या कितीतरी शतकं आधी या देशाला फोटोची उत्तम वेळ ठाऊक होती, म्हणायची. पण गोरजातून गाई काढल्या की मागे काय उरतं, हे संस्कृत न येणाऱ्यालाही सांगता येईल.

दुसरा फोटोग्राफर म्हणजे चार जणांची टोळी होती. त्यांचा संप्रदाय ‘कँडिड’. म्हणजे माणसाला नकळत टिपणं. त्यांच्या फोटोंत चेहरे होते, भरपूर होते आणि सगळे हसत होते. हळदीला हसत होते, मेंदीला हसत होते, पाठवणीलाही हसत होते. नकळत टिपलेल्या माणसांना इतकं एकमताने हसताना मी फक्त आमच्या शाखेत, पगारवाढीची अफवा आली तेव्हा पाहिलं होतं. मी विचारलं, “रडणारं कोणीच नाही?” त्यावर त्यांच्यातला एक म्हणाला, “रडणं सिनेमॅटिकमध्ये येतं, सर. ते वेगळं पॅकेज आहे.”

पण माझी अडचण हसण्याची नव्हती. वधू-वरांच्या मागे रंगीत धुकं होतं. सुंदर, गोल गोल ठिपक्यांचं धुकं. “हे काय?” म्हणून विचारलं, तर उत्तर मिळालं की पार्श्वभूमी. मी चष्मा पुसून पाहिलं. ते धुकं नातेवाईकांचं होतं. जांभळा ठिपका म्हणजे कोणाची तरी आत्या, फेटा म्हणजे काका. मग त्यांनी अभिमानाने लेन्स दाखवली. तिचं तोंड मोठं. पूर्ण उघडलं, की जिच्यावर नेम धरला ती वस्तू स्पष्ट आणि मागचं सगळं पुसट. अशी लेन्स महाग असते. म्हणजे हिशेब असा झाला : चारशे माणसांना आमंत्रणं पाठवायची, त्यांच्या जाण्यायेण्याची सोय करायची, त्यांना खोल्या द्यायच्या, आणि मग जादा पैसे मोजून त्यांना पुसून टाकायचं. जेवढी लेन्स महाग, तेवढे नातेवाईक पुसट. जमाखर्चाच्या कोणत्याही पद्धतीत ही नोंद बसत नाही.

यावर कोणी म्हणेल, की बुवा, लग्न त्या दोघांचं. फोटो त्या दोघांचे असले तर बिघडलं कुठे? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते मला आमच्या हेडकॅशियरांनी दिलं.

हेडकॅशियर म्हणजे मुलखाचा काटेकोर माणूस. हातातून एक नोट सुटायची नाही. २०२२ साली त्यांच्या मुलाचं लग्न महाबळेश्वरच्या बाजूला झालं. दरीच्या कडेला हिरवळ, हिरवळीवर फुलांची कमान. त्यांच्या आईला पायऱ्या उतरवेनात, म्हणून त्या वर व्हरांड्यातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. नवरानवरी मध्येच एकदा वर जाऊन पाया पडून आली. तेवढं सोडलं तर सगळं लग्न खाली, दरीपाशी झालं, कारण फोटो तिथे चांगले येणार होते. आणि आलेही. पेनड्राइव्हवर दोन हजार तीनशे फोटो.

चार महिन्यांनी म्हातारी गेली. दिवसकार्यासाठी तसबीर हवी, म्हणून हेडकॅशियरांनी पेनड्राइव्ह लावला. त्यांना एकट्याला बसवेना, म्हणून मी बसलो बरोबर. दोन हजार तीनशे फोटो आम्ही नोटांसारखे मोजून काढले. आई तीन ठिकाणी सापडल्या. एका फोटोत वधू-वरांच्या डोक्यावर आशीर्वादाचा हात होता. हातात दोन पाटल्या, मनगटाच्या पुढे आई नव्हती. दुसऱ्यात मागे एक पांढरट ठिपका होता. त्या धुक्यात त्यांनी आईचं लुगडं ओळखलं. तिसरा फोटो ड्रोनचा, आभाळातून काढलेला. त्यात हॉटेलचं छप्पर, हिरवळ, दरी आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यात तांदळाएवढं काहीतरी. ते बराच वेळ त्या तांदळाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “ड्रोनने नाही बघ सोडलं तिला.”

तसबीर शेवटी आधार कार्डावरच्या फोटोची केली. आधार कार्डावर आपण सगळेच जसे दिसतो, तशाच त्या दिसतात.

त्या रात्री घरी येऊन मी आईवडिलांच्या लग्नाचा अल्बम काढला. साल १९७७. काळ्या जाड कागदावर चार कोपऱ्यांत त्रिकोणी कागद लावून बसवलेले फोटो, आणि दोन पानांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला तो कुरकुरणारा पातळ कागद. एकूण फोटो छत्तीस. यशिका कॅमेऱ्यात बारा फोटोंचा रोल बसे. आजोबांनी तीन रोल मंजूर केले होते आणि चौथ्याला नकार दिला होता, हे घरात अजून सांगतात. तो कॅमेरा पोटापाशी धरून वरून आत वाकून पाहायचा असे, त्यामुळे फोटोग्राफर फोटो काढताना प्रत्येकापुढे मान लववी. आत चित्र डावीकडचं उजवीकडे दिसे. एवढ्या अडचणीतून त्याला छत्तीस वेळा ठरवायचं होतं, की आता कोण.

कलेच्या दृष्टीने तो अल्बम अगदी सामान्य आहे, हे समीक्षक म्हणून मला सांगितलं पाहिजे. दोन फोटोंत वडिलांचे डोळे मिटलेले आहेत. एका गंभीर प्रसंगी मागे नळ आहे आणि नळावर कोणाचा तरी पंचा. सगळे जण असे ताठ उभे आहेत, की पुढच्या क्षणी राष्ट्रगीत सुरू होईल. निसर्ग म्हणाल तर एका कुंडीत क्रोटन. पण कोण आलं होतं, हे त्या छत्तीस फोटोंवरून आजही कोर्टात शाबीत करता येईल. मुलीकडचे, मुलाकडचे, आचारी, बँडवाला, रुसलेले एक काका, त्यांना समजावणारे दुसरे काका. आणि शेवटचा समूहफोटो : खाली बसलेली पोरं, मध्ये खुर्च्यांवर वडीलधारे, मागे उभे तरुण.

त्या एका समूहफोटोतून आमच्या घराण्यात आजवर पाच तसबिरी निघाल्या आहेत. एकेकाची वेळ आली, तसतसं कोणीतरी तो फोटो घेऊन स्टुडिओत गेलं आणि त्यातला एकेक जण मोठा करून आणला. आजोबांच्या तसबिरीत त्यांच्या खांद्यावर एक हात आहे. मागे उभ्या असलेल्या कोणाचा तरी. तसबीर कापताना माणूस गेला, हात राहिला. कोणाचा, ते आता घरात कोणालाच सांगता येत नाही. पण हार घालताना तो हारामागे झाकला जाऊ नये, याची आई काळजी घेते.

तेव्हा माझा समीक्षेचा सिद्धांत तयार झाला, तो असा : लग्नाचा अल्बम मुख्यतः वधू-वर सोडून इतरांचा असतो. वधू-वरांचे फोटो पुढे जन्मभर निघणारच आहेत. हल्ली तर आमटी फोडणीला टाकली तरी निघतात. पण अख्खं गोत एका दिवशी, एका जागी, न्हाऊन, चांगले कपडे घालून, भांडणं तात्पुरती तहकूब ठेवून जमतं ते लग्नातच. तो जामीनकीचा दस्तऐवज आहे. त्यावर सगळ्यांच्या सह्या असल्या पाहिजेत.

या सिद्धांताची फूटपट्टी घेऊन मी तिसऱ्याकडे गेलो. हा मनुष्य पन्नाशीचा, चिपळूणचा, वडिलांपासून स्टुडिओ, बरोबर मुलगा. मी म्हटलं, “निवडक नमुने नकोत. एकाच लग्नाचे सगळे फोटो दाखवा, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत.” कर्ज मागायला आलेल्या माणसाकडून आम्ही त्याच्या आवडत्या नोंदी मागत नाही, सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागतो. निवडक चाळीस फोटो कोणाचेही चांगले असतात. पंगतीत वाढताना, उन्हात, मुलगी निघताना आणि भावकीने स्टेजवर गर्दी केल्यावर काय होतं, ते स्टेटमेंटमध्ये कळतं. पहिल्या दोघांनी या मागणीवर विषय बदलला होता. याने मुलाला सांगून पेटीच मागवली.

पेटीतले फोटो मी पाहत असताना त्यानेच चौकशी सुरू केली. “तिथी कोणती?”

मला वाटलं, पत्रिका छापायची असेल. म्हटलं, “माघातली सप्तमी. गोरज मुहूर्त.”

त्याने डोळे मिटले. “सात पाउणे सव्वापाच.”

पाउणकी! शाळेत छड्या खाऊन पाठ केलेली पाउणकी वडिलांच्या तोंडून ऐकल्यानंतर मी प्रथमच ऐकत होतो. मग त्याने समजावलं. तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ निघते. कोकणातल्या दर्यावर्दी माणसाचा हा पिढीजात ठोकताळा. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्याचाच हा हिशेब. “सप्तमीला सव्वापाचच्या सुमाराला पूर्ण भरती. सूर्य मावळणार साडेसहाच्या पुढे-मागे. म्हणजे मुहूर्ताला पाणी कुठे उतरायला लागलेलं असणार. पुळणीवर मांडव घातलात तर वऱ्हाड भिजेल. वर सुरूंपाशी घ्या.” ज्या पंचांगात मुहूर्त सापडला, त्याच पंचांगात भरतीही लिहिलेली होती, वाचणारा हवा होता.

गुरुजींनी आधी मे महिन्यातला भर दुपारचा मुहूर्त सुचवला होता, तेही मी त्याला सांगितलं. त्याने कानाला हात लावले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दापोलीच्या बाजूला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीला सावली पडत नाही. “माणसाला पडते,” तो म्हणाला. “डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली. नवरीलासुद्धा मिशी येते, साहेब.”

आणि मग तो प्रश्न त्याने विचारला, जो तिघांपैकी दुसऱ्या कोणी विचारला नव्हता. “घरात म्हातारं माणूस कोण? वाळूत चालवेल का? बसणार कुठे?”

ताईच्या सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, म्हणून सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं : ‘आजी. प्लायवुड.’ वाळूत खुर्चीचे पाय रुततात, म्हणून खाली प्लायवुडची फळी. आणि फोटोची जागा आजी जिथे बसतील तिथे, आजींनी फोटोच्या जागी जायचं नाही. शिवाय दोन्हीकडच्या माणसांची यादी मागितली. कोण कोणाचं काय लागतं आणि कोण कोणाशेजारी उभं राहणार नाही, ही दुसरी यादी वेगळी.

आता राहिला कराराचा भाग. तो रूक्ष आहे, पण मी बँकेतला असल्यामुळे सांगतोच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे, पैसे देऊन आपल्या सांगण्यावरून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक आपण असतो. मात्र उलट करार नसेल तर. तो उलट करार पहिल्याच्या कागदात चौदाव्या कलमात, मुंगीच्या अक्षरात होता. म्हणजे आमची भाची त्याच्या दुकानाच्या पाटीवर झळकली असती आणि आम्हाला हरकत घेता आली नसती. तीसुद्धा पाठमोरी, म्हणजे आम्ही तिला ओळखण्याचाही प्रश्न नव्हता. ड्रोनबद्दल २०२१ चे नियम आहेत. अडीचशे ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा, तर उडवणाऱ्याकडे त्याचं प्रमाणपत्र लागतं. दुसऱ्याला ते दाखवा म्हटलं, तर त्याने ड्रोन दाखवला. तिसऱ्याकडे ड्रोन नव्हताच. पण कॅमेरा एकच फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर लिहितो, आणि रात्री एक कार्ड मुलाकडे, दुसरं बापाकडे झोपतं, हे त्याने आपणहून सांगितलं. दुहेरी नोंद! मी उठून त्याचा हात हातात घेतला. काम त्याला दिलं.

आता त्याच्या अल्बमची समीक्षा. मैत्री बाजूला ठेवून लिहितो.

निसर्गवर्णन सामान्य. त्या दिवशी क्षितिजावर इतकं धुरकट होतं, की सूर्य समुद्राला टेकण्याआधीच विरघळून गेला. फोटोत तो उतू गेलेल्या दुधासारखा दिसतो. अंतरपाट वाऱ्याने शिडासारखा फुगला आहे आणि दोन्ही गुरुजी कोणत्याही क्षणी हर्णैच्या दिशेने निघतील, असं वाटतं. अक्षता वधू-वरांवर न पडता सगळ्या वरमाईवर पडल्या आहेत. मागे दोन गाई आहेत. त्या काढलेल्या नाहीत.

व्यक्तिचित्रण मात्र अव्वल. भावजींचा रडका चेहरा आहे. तो कोणत्याही वेगळ्या पॅकेजमध्ये नाही. जेवताना मठ्ठ्याच्या तिसऱ्या वाटीकडे पाहणारे अस्मादिक आहेत. आमची ही आहे, माझ्याकडे पाहून तिची जी मुद्रा झाली आहे ती आहे. समूहफोटोला पंचवीस मिनिटं लागली. यादीप्रमाणे हजेरी घेतली. मध्यभागी प्लायवुडवर खुर्ची आणि खुर्चीवर आजी. समूहफोटो झाला, माणसं पांगू लागली, तेव्हा आजींनी फोटोग्राफरला खुणेने जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, “बाबा, आता माझा एकटीचा एक काढून ठेव. नंतर ही मंडळी कुठे शोधत बसतील?”

ताई म्हणाली, “आई, असं काय बोलता!” तो मात्र काही बोलला नाही. त्याने मुलाला पांढरी चकती धरायला सांगितली, आजींना पदर सारखा करायला वेळ दिला, चष्म्यावर उजेड चमकत होता म्हणून मान किंचित खाली घ्यायला सांगितली आणि तीन फोटो काढले. तिसऱ्यात आजी हसल्या आहेत. त्या ठणठणीत आहेत, हेही इथे नोंदवून ठेवतो. परवाच अल्बम पाहून म्हणाल्या, की मांडवात जिलबी कोणी किती खाल्ली ते सगळं यात आलंय.

भाचीची एक तक्रार आहे. तिचं म्हणणं, मामाने निवडलेल्या माणसाच्या अल्बममध्ये समुद्र फार कमी आला. तक्रार खरी आहे. पण समुद्र अजून तिथेच आहे. मुंबई-गोवा रस्ता सोडून दापोलीकडे वळलं, की कधीही जाऊन पाहून येता येईल.